कागदपत्रांविना अमेरिकेत वाढलेल्या तरुणांनी कायदेशीर मदत कशी शोधावी

आपण अमेरिकेत वैध कागदपत्रांविना राहत आहोत, हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला बहुधा एखाद्या किरकोळ निमित्ताने कळते. वर्गातले सगळे ड्रायव्हिंग लायसन्सच्या मागे लागलेले असतात, कॉलेजच्या आर्थिक मदतीचा फॉर्म भरायचा असतो किंवा उन्हाळ्यात एखाद्या दुकानात काम मिळण्यासारखे असते. तिथे सोशल सिक्युरिटी नंबर विचारला जातो आणि घरात एकदम शांतता पसरते. मराठी घरांतल्या अशा हकीकती सहसा सीमा ओलांडून आल्याच्या नसतात. आई-वडील रीतसर व्हिसा घेऊन, मुलाचे बोट धरून विमानाने आलेले असतात. मग नोकरी जाते, एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची मुदत वाढत नाही, किंवा सहा महिन्यांसाठी आलेले कुटुंब परत जायचे राहून जाते.

अशा वेळी घरातली मंडळी सर्वप्रथम फॉर्म शोधू लागतात. ओळखीच्या कोणीतरी अमुक फॉर्म भरला आणि त्याला वर्क परमिट मिळाले, असे व्हॉट्सॲपवर कळते आणि तोच फॉर्म आपणही भरावा असे वाटते. माझा आग्रह याच्या नेमका उलट आहे. आधी सल्ला देण्याचा कायदेशीर अधिकार असलेला माणूस शोधावा, त्याच्यापुढे घरची सगळी हकीकत काही न लपवता मांडावी, आणि कोणता फॉर्म भरायचा किंवा मुळात भरायचा की नाही, हे त्यानंतर ठरवावे. हा क्रम आज पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचा झाला आहे. अमेरिकेच्या नागरिकत्व व इमिग्रेशन सेवा खात्याने, म्हणजे यूएससीआयएसने, २८ फेब्रुवारी २०२५ रोजी जाहीर केलेल्या धोरणानुसार, अर्ज फेटाळला गेला आणि अर्जदाराकडे वैध दर्जा नसला, तर त्याला हद्दपारीच्या सुनावणीची नोटीस काढली जाऊ शकते. कमकुवत अर्ज ‘टाकून तर बघू’ म्हणून टाकण्याचे दिवस त्यामुळे संपले आहेत.

डाकाबद्दलचा गैरसमज आधी दूर करावा

तरुणांसाठीची सवलत म्हटले की डाका (डीएसीए) या योजनेचे नाव पुढे येते. ही योजना १५ जून २०१२ रोजी ओबामा सरकारने जाहीर केली. तिच्यात नागरिकत्व मिळत नाही आणि ग्रीन कार्डही मिळत नाही. दोन वर्षांपुरती हद्दपारी लांबणीवर टाकली जाते आणि काम करण्याचा परवाना मिळतो. तिच्या अटी मात्र तारखांना घट्ट बांधलेल्या आहेत. अर्जदार वयाच्या सोळाव्या वर्षाआधी अमेरिकेत आलेला असावा, १५ जून २००७ पासून सलग इथे राहत असावा, १५ जून २०१२ रोजी त्याचे वय ३१ पेक्षा कमी असावे, आणि त्याच दिवशी त्याच्याकडे कोणताही वैध दर्जा नसावा. याशिवाय शिक्षणाची आणि गुन्हेगारी नोंद नसण्याची अट आहे.

या तारखा नीट पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. आज जो मुलगा सोळा-सतरा वर्षांचा आहे, तो २००७ च्या जूनमध्ये जन्मलेलाही नव्हता. आज शाळेत असलेल्या मुलांपैकी जवळपास कोणीही या योजनेत बसत नाही. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर असलेली मुलेही तिच्यातून वगळली गेली, कारण २०१२ च्या त्या दिवशी त्यांचा दर्जा वैध होता. कायद्याच्या आत राहिल्याची ही शिक्षा अनेक भारतीय घरांनी भोगली आहे. जे अटींत बसतात पण ज्यांनी कधीच अर्ज केला नाही, त्यांचाही मार्ग सध्या अडलेला आहे. टेक्सासमधील संघीय न्यायालयाच्या १६ जुलै २०२१ च्या निकालापासून नवे अर्ज स्वीकारले गेले तरी मंजूर केले जात नाहीत. फक्त नूतनीकरण चालू आहे. पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने १७ जानेवारी २०२५ रोजी निकालाची व्याप्ती टेक्सासपुरती आणली आणि पुढची अंमलबजावणी खालच्या न्यायालयाकडे सोपवली. त्यामुळे टेक्सासमध्ये राहणाऱ्यांनी, आणि नोकरीसाठी टेक्सासला जाण्याच्या विचारात असलेल्यांनी, नूतनीकरणाआधी वकिलाला जरूर विचारावे.

ज्यांच्याकडे डाका आहे त्यांनी मुदत संपण्याच्या १५० ते १२० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा, असे खाते सांगते. मुदत संपून एक वर्ष उलटले तर तो अर्ज नवा धरला जातो, आणि नव्या अर्जांचे काय होते ते वर सांगितलेच आहे. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार नूतनीकरणाला ऑनलाइन ५५५ डॉलर आणि कागदी अर्जाला ६०५ डॉलर लागतात; भरण्याच्या दिवशी खात्याच्या संकेतस्थळावरचा दर पुन्हा पाहावा. आणि प्रवासाची आगाऊ परवानगी हाती आल्याशिवाय आजी आजारी आहे म्हणूनही देशाबाहेर पाऊल टाकू नये.

घरची हकीकत तारखांसकट लिहून काढावी

वकिलाकडे जाण्याआधीचे हे काम सर्वांत अवघड आहे, कारण ते घरात बसून करायचे असते. मुलाला स्वतःच्या प्रवेशाबद्दल काहीच माहीत नसते; माहिती आई-वडिलांकडे असते आणि त्यांना तो विषय नको असतो. तरीही एका संध्याकाळी बसून पुढील गोष्टी कागदावर आणाव्यात: कोणत्या तारखेला, कोणत्या विमानतळावर, कोणत्या व्हिसावर प्रवेश झाला, त्यानंतर किती वेळा ये-जा झाली, आजवर कोणी, कोणत्या नावाने, कोणता अर्ज केला, कोणत्या वर्षी कोणत्या शाळेत होता, पोलिसांशी कधी संबंध आला का. आई-वडिलांच्या वतीने काका, मामा किंवा मावशीने कधी ग्रीन कार्डचा अर्ज केला होता का, हा प्रश्न तर आवर्जून विचारावा. असा अर्ज ३० एप्रिल २००१ किंवा त्याआधी दाखल झाला असेल, तर २४५(आय) या जुन्या कलमाखाली एक हजार डॉलर दंड भरून देशातच ग्रीन कार्ड मिळवण्याची वाट उघडी राहू शकते आणि तिचा लाभ मुलापर्यंतही पोचू शकतो. अर्ज १४ जानेवारी १९९८ नंतरचा असेल, तर ज्याच्यासाठी तो केला ती व्यक्ती २१ डिसेंबर २००० रोजी अमेरिकेत असायला हवी. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची ती पिवळी पडलेली पावती एखाद्या ट्रंकेत सापडते आणि सगळ्या प्रकरणाचा रंग बदलतो.

पासपोर्टवरचा व्हिसा आणि आय-९४ यांतला फरकही याच वेळी समजून घ्यावा. व्हिसाची तारीख फक्त विमानतळावर येऊन प्रवेश मागण्याची मुदत सांगते. आत किती दिवस राहता येईल हे आय-९४ ठरवतो. जुन्या काळी तो पांढऱ्या कार्डाच्या रूपात पासपोर्टला टाचलेला असे. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांची नोंद बहुतांशी इलेक्ट्रॉनिक झाली. हा कागद व्हिसावर आलेल्या मराठी मुलांच्या दृष्टीने सोन्याच्या मोलाचा आहे, कारण अधिकाऱ्याने तपासून आत सोडल्याचा तो पुरावा असतो. असा प्रवेश झालेल्या व्यक्तीने अमेरिकन नागरिकाशी खरे लग्न केले, तर मुदत उलटून गेली असली तरी ती बहुधा देश न सोडता ग्रीन कार्डसाठी अर्ज करू शकते. सीमेवरून न तपासता आलेल्याला हीच गोष्ट फार जड जाते. कार्ड हरवले असेल तर आय-१०२ या फॉर्मने त्याची प्रत मागता येते. विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांच्या आय-९४ वर तारखेऐवजी ‘डी/एस’, म्हणजे विद्यार्थी दर्जा टिकेपर्यंत, असे लिहिलेले असते आणि त्यांचे अवैध वास्तव्याचे दिवस वेगळ्या पद्धतीने मोजले जातात, म्हणून ते दोन अक्षरही वकिलाला दाखवावेत.

हे दिवस मोजणे महत्त्वाचे का, तेही सांगतो. १८० दिवसांपेक्षा जास्त अवैध वास्तव्य करून देश सोडला तर तीन वर्षे, आणि एक वर्ष किंवा अधिक झाले असेल तर दहा वर्षे परत येता येत नाही. अठरावे वर्ष पूर्ण होईपर्यंतचे दिवस यात धरले जात नाहीत. साडेअठरा वर्षांचा टप्पा त्यामुळे फार नाजूक असतो. परत भारतात जाऊन कॉलेज करावे की इथेच थांबावे, हा निर्णय घरच्यांनी त्या आधी, आणि वकिलाशी बोलूनच घ्यावा. एच-४ वरच्या मुलांच्या बाबतीत हीच घाई एकविसाव्या वाढदिवसाची असते. त्या दिवसाआधी एफ-१ या विद्यार्थी व्हिसासारख्या दुसऱ्या दर्जासाठी अर्ज झाला नाही, तर काल वैध असलेला मुलगा आज विनाकागद ठरतो. वडिलांचा ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असेल, तर २००२ च्या बालदर्जा संरक्षण कायद्याने वय गोठवता येते का, हे गणित कोणीही घरी बसून करू नये. खात्याने त्याचा नियम २०२३ मध्ये बदलला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा फिरवला.

नोटरी म्हणजे वकील, हा आपला समज इथे घातक ठरतो

आपल्याकडे कोर्टाच्या आवारात झाडाखाली टेबल टाकून बसलेला नोटरी हा मुळात वकील असतो. भारतातल्या नियमांनुसार साधारणपणे दहा वर्षांची वकिली झाल्याशिवाय कोणाला नोटरी होता येत नाही. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतही ‘नोतारियो’ हा कायद्याचा जाणकार असतो. अमेरिकेतला नोटरी पब्लिक मात्र फक्त सही आपल्यासमोर झाली एवढेच साक्षांकित करतो. तो वाण्याच्या दुकानात किंवा कुरिअरच्या काउंटरवर बसलेला असू शकतो आणि त्याला कायद्याचे ज्ञान असण्याची गरज नसते. या एका शब्दाच्या गोंधळावर इथे फसवणुकीचा मोठा धंदा उभा आहे आणि तो फक्त स्पॅनिश बोलणाऱ्यांपुरता नाही. भारतीय बाजारपेठेतल्या कर सल्लागारांपैकी, ट्रॅव्हल एजंटांपैकी आणि ‘इमिग्रेशन कन्सल्टंट’ अशी पाटी लावणाऱ्यांपैकी काही जण हेच करतात. कॅलिफोर्नियात अशा कन्सल्टंटला एक लाख डॉलरचा बाँड भरून नोंदणी करावी लागते, आणि तरीही त्याला भाषांतर करून देणे व सांगितलेली माहिती फॉर्मवर उतरवणे एवढेच करता येते. कोणता फॉर्म भरावा हे सुचवणे म्हणजेच कायदेशीर सल्ला, आणि तो त्याने द्यायचा नाही.

असा सल्ला देण्याचा अधिकार ढोबळमानाने दोघांनाच आहे. पहिला, अमेरिकेतल्या कोणत्याही एका राज्याची सनद असलेला वकील. इमिग्रेशनचा कायदा संघीय असल्यामुळे न्यू जर्सीत राहणाऱ्याला इलिनॉयची सनद असलेला वकीलही चालतो. राज्याच्या कौटुंबिक न्यायालयात जायचे असेल तर मात्र त्याच राज्याची सनद लागते. दुसरा, न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी. तो वकील नसतो, पण मान्यताप्राप्त ना-नफा संस्थेत काम करतो आणि त्याचे इमिग्रेशन कायद्याचे ज्ञान व चारित्र्य पाहून न्याय खात्याने त्याला मान्यता दिलेली असते. त्याची मान्यता अंशतः असेल तर तो फक्त यूएससीआयएससारख्या खात्यांपुढे उभा राहू शकतो. पूर्ण असेल तर इमिग्रेशन कोर्टातही. विधी महाविद्यालयांच्या क्लिनिकमध्ये प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थीही प्रकरणे चालवतात आणि माझ्या मते ते फार मनापासून चालवतात, कारण त्यांच्या हाती एका वेळी दोन-तीनच प्रकरणे असतात.

शोध कुठे घ्यावा

सरकार या प्रकरणांत फुकट वकील नेमून देत नाही. इमिग्रेशन कोर्टात वकील करण्याचा हक्क आहे, पण सरकारच्या खर्चाने नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. लहान मुलांनाही सरसकट अपवाद नाही. म्हणून शोध स्वतःच घ्यावा लागतो आणि तो एकाच वेळी तीन-चार ठिकाणी घ्यावा, कारण प्रतीक्षा यादी सगळीकडे असते.

सुरुवात न्याय खात्याच्या दोन याद्यांपासून करावी. एक यादी विनामूल्य सेवा देणाऱ्यांची असते. ती राज्य आणि इमिग्रेशन कोर्टानुसार लावलेली असते आणि नियमानुसार दर तीन महिन्यांनी नवी केली जाते. दुसरी यादी मान्यताप्राप्त संस्था आणि प्रतिनिधींची. या दोन्ही याद्या इमिग्रेशन कोर्टांचे कामकाज पाहणाऱ्या ईओआयआर या कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहेत आणि त्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह’ असते. इमिग्रेशन अॅडव्होकेट्स नेटवर्कची ‘इमिग्रेशन लॉ हेल्प’ ही निर्देशिका राहत्या ठिकाणानुसार ना-नफा संस्था दाखवते. खाजगी वकील हवा असेल तर अमेरिकन इमिग्रेशन लॉयर्स असोसिएशन या १९४६ पासूनच्या संघटनेची निर्देशिका पाहावी. तिचे सदस्यत्व ही वेगळी पदवी नव्हे, पण त्या वकिलाचा धंदा मुख्यतः याच कायद्यात आहे एवढे त्यावरून कळते.

विद्यार्थ्यांनी आपल्या कॉलेजात आधी चौकशी करावी, आणि हे सहसा कोणाला सुचत नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे स्वतःचे इमिग्रंट लीगल सर्व्हिसेस सेंटर आहे आणि ते विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही विनामूल्य मदत करते. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा ‘सिटिझनशिप नाऊ’ हा उपक्रम शहरातल्या कोणालाही खुला आहे. न्यू जर्सीत, जिथे आपली वस्ती दाट आहे, रटगर्स विद्यापीठाच्या नेवार्कच्या विधी महाविद्यालयात स्थलांतरितांच्या हक्कांसाठीचे क्लिनिक आहे. एकट्याने अमेरिकेत आलेल्या अल्पवयीन मुलांसाठी २००८ मध्ये स्थापन झालेली ‘किंड’ ही संस्था मोठ्या कंपन्यांचे आणि लॉ फर्मचे स्वयंसेवक वकील मिळवून देते. चर्चशी संलग्न कॅथलिक चॅरिटीजची कार्यालये बहुतेक मोठ्या शहरांत आहेत आणि तिथे धर्म विचारला जात नाही.

घरात मारहाण किंवा छळ असेल तर दक्षिण आशियाई स्त्रियांनी उभ्या केलेल्या संस्थांकडे जावे: न्यू जर्सीत १९८५ पासूनची मानवी, न्यूयॉर्कमध्ये सखी, शिकागोत अपना घर, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरी भागात मैत्री आणि नारिका, अटलांटात रक्षा. त्यांना आपल्या घरांची घडण माहीत असते, त्यामुळे सासू, दीर, हुंडा, गावाकडचा दबाव हे सगळे पहिल्यापासून समजावून सांगत बसावे लागत नाही.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या अनेक ‘लीगल एड’ कार्यालयांना वैध दर्जा नसलेल्या बहुतेक लोकांची प्रकरणे घेण्यास कायद्याने मनाई आहे. छळ आणि मानवी तस्करीच्या बळींसारखे काही अपवाद आहेत. तिथून नकार आला तर आपले प्रकरण वाईट आहे असा अर्थ काढू नये, आणि दुसरीकडचा पत्ता त्यांनाच विचारावा.

महाराष्ट्र मंडळात विचारावे का, असा प्रश्न येतोच. वकिलाचे नाव विचारायला हरकत नाही. स्वतःची परिस्थिती मात्र गणपतीच्या जेवणाच्या रांगेत कोणाला सांगू नये. वकिलाला सांगितलेली गोष्ट गोपनीय ठेवणे कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे. मंडळातल्या काकांवर तसे बंधन नाही, मग ते कितीही प्रेमळ असोत.

सनद तपासणे

नाव हाती आले की पहिल्या फोनआधीच ते तपासावे. प्रत्येक राज्याच्या बार असोसिएशनच्या किंवा न्यायालयाच्या संकेतस्थळावर वकिलाचे नाव टाकले की सनद चालू आहे का आणि त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे दिसते. न्याय खातेही इमिग्रेशनच्या कामातून निलंबित केलेल्या वकिलांची यादी ठेवते. मान्यताप्राप्त प्रतिनिधीचे नाव वर सांगितलेल्या यादीत असले पाहिजे आणि त्याच्या मान्यतेची मुदत संपलेली नसली पाहिजे. या सगळ्याला दहा मिनिटेही लागत नाहीत. सनद क्रमांक विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

पहिली भेट

पहिल्या भेटीला पासपोर्ट, आय-९४, जुन्या सगळ्या पावत्या आणि नोटिसा, जन्मदाखला, शाळेचे गुणपत्रक आणि वर सांगितलेली लिहून काढलेली हकीकत न्यावी. मूळ कागद दाखवावेत, ठेवायला प्रती द्याव्यात. वकील बहुधा मुलाशी एकट्याने बोलायला मागेल आणि आई-वडिलांना बाहेर बसायला सांगेल. आपल्याकडे याचा राग येतो. पण अशील कोण आहे हे स्पष्ट असल्याशिवाय गोपनीयता टिकत नाही, आणि काही प्रकरणांत पालकाचे आणि मुलाचे हित वेगळे असू शकते. दुभाषा हवा असेल तर नातेवाईक नेण्याऐवजी संस्थेकडे मराठी दुभाषा मागावा. हिंदी चालेल असे संकोचाने म्हणणारी आई पुढे तारखांवर आणि नात्यांच्या शब्दांवर अडते.

चांगला वकील एकाच योजनेचा विचार करत नाही. तो सगळ्या वाटा चाचपून पाहतो. आई किंवा वडिलांनी मुलाला टाकले असेल, दुर्लक्ष किंवा छळ केला असेल, तर विशेष बालक दर्जा नावाची सवलत आहे. तिच्यासाठी आधी राज्याच्या न्यायालयाचा आदेश आणि मग आय-३६० अर्ज लागतो. दोघांपैकी एका पालकाने टाकलेले असले तरी पुरते. अर्ज एकविसाव्या वर्षाआधी व्हायला हवा आणि मुलाचे लग्न झालेले नसावे. शिवाय अनेक राज्यांत न्यायालयाचा अधिकार अठराव्या वर्षीच संपतो, म्हणून सतराव्या वर्षी महिनाभर वाया घालवणेही महाग पडते. गंभीर गुन्ह्याचा बळी ठरून पोलिसांना मदत केली असेल तर यू व्हिसा आहे, पण तो वर्षाला दहा हजारच मिळतो आणि रांग वर्षानुवर्षांची आहे. तस्करीच्या बळींसाठी टी व्हिसा आहे. आश्रय मागायचा असेल तर तो आल्यापासून एका वर्षात मागावा लागतो, मात्र त्या काळात अल्पवयीन असलेल्यांना या मुदतीतून सूट मिळू शकते. गरिबी किंवा बेकारी हे आश्रयाचे कारण होत नाही. वर्क परमिट लवकर मिळते म्हणून खोटा आश्रय अर्ज भरून देणारे एजंट आहेत; तो अर्ज जाणूनबुजून खोटा असल्याचे ठरले तर पुढच्या जवळजवळ सगळ्या वाटा कायमच्या बंद होतात. ‘कागदोपत्री लग्न’ सुचवणाऱ्याचेही तेच. खोटे लग्न सिद्ध झाले की नंतरच्या खऱ्या लग्नावरही ग्रीन कार्ड मिळत नाही.

वकिलापासून लपवल्या जाणाऱ्या गोष्टी साधारण ठरलेल्या असतात. नोकरीच्या फॉर्मवर ‘मी अमेरिकन नागरिक आहे’ या चौकोनात खूण केली होती का? लायसन्स काढताना चुकून मतदार नोंदणी झाली का? गांजा बाळगताना पकडले गेले का? राज्यात गांजा कायदेशीर असला तरी इमिग्रेशन कायदा संघीय आहे आणि तिथे तो गुन्हाच राहतो. बाल न्यायालयातले प्रकरण इमिग्रेशनच्या दृष्टीने सहसा दोषसिद्धी मानले जात नाही, पण तेही सांगावे. नागरिकत्वाचा खोटा दावा ही फार गंभीर बाब आहे आणि ती अर्ज केल्यानंतर वकिलाला कळणे परवडत नाही.

आपणही काही प्रश्न विचारावेत. माझ्यासारखी प्रकरणे तुम्ही चालवली आहेत का, अर्ज फेटाळला गेला तर काय होईल, काहीच केले नाही तर काय होईल, आणि माझे काम प्रत्यक्षात कोण करणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘सध्या काही करू नका, कायदा बदलण्याची वाट पाहा’ असे आले तर फसवले गेल्यासारखे वाटते. बहुधा तो प्रामाणिक सल्ला असतो. याउलट ‘हमखास काम होईल’ किंवा ‘आत ओळख आहे’ असे कोणी म्हणाले तर तिथून उठावे. एका वकिलाच्या मतावर मन बसत नसेल तर दुसऱ्याचे मत घ्यावे. त्यात पहिल्याचा अपमान नाही.

फी, करार आणि वकीलपत्र

ना-नफा संस्थांत काम फुकट किंवा उत्पन्नानुसार कमी फीत होते. खाजगी वकील ठरावीक रक्कम घेतो किंवा तासावर. कोणत्याही प्रकारात लेखी करार हवाच, आणि त्यात काम कुठपर्यंतचे आहे, सरकारी शुल्क वेगळे आहे का, पुराव्याची मागणी आली तर तिचे उत्तर या पैशात बसते का, हे लिहिलेले असावे. रोख पैसे देऊन पावती न घेणे हा व्यवहार करू नये. कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. फॉर्म इंग्रजीत आहे म्हणून न वाचता सही केली, तरी त्यातल्या खोट्याची जबाबदारी सही करणाऱ्यावरच येते.

आपल्या कोर्टांतल्या वकीलपत्रासारखा इथेही एक कागद असतो. यूएससीआयएसपुढे त्याचे नाव जी-२८, आणि इमिग्रेशन कोर्टात ईओआयआर-२८. अर्ज भरून देणारा माणूस जी-२८ वर सही करायला तयार नसेल आणि ‘तुम्ही स्वतःच भरला असे दाखवा’ म्हणत असेल, तर तो अधिकृत नाही हे ओळखावे. पाठवलेल्या प्रत्येक अर्जाची पूर्ण प्रत आणि सरकारची पावती स्वतःकडे ठेवावी. पावतीवरचा क्रमांक टाकून अर्ज कुठवर आला आहे ते ऑनलाइन पाहता येते.

महाराष्ट्रातून मागवायचे कागद

जन्मदाखला ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेतून मिळतो. जुना दाखला फक्त मराठीत असेल तर त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावे लागते आणि भाषांतरकाराने आपल्याला दोन्ही भाषा येतात व भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, असे सहीनिशी लिहून द्यावे लागते. त्यासाठी शपथबद्ध भाषांतरकार किंवा नोटरीचा शिक्का लागत नाही, त्यामुळे एवढ्याचे शेकडो डॉलर कोणी मागत असेल तर देऊ नयेत. जन्माची नोंदच झाली नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे असा संच करतात.

नावांचा घोळ आपल्याकडे हमखास असतो. दाखल्यावर नुसते पाळण्यातले नाव, पासपोर्टवर मधले नाव म्हणून वडिलांचे नाव, अमेरिकन शाळेत ते गाळलेले, आणि आईचे नाव लग्नाआधीचे एक व लग्नानंतरचे दुसरे. कोणते नाव कुठे आले आहे याचा एक तक्ता करून वकिलाला द्यावा; ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र लागले तर तो सांगेल.

कोर्टाची नोटीस किंवा जुना आदेश असेल तर

पूर्वी कधी हद्दपारीची कारवाई सुरू झाली होती का, हे पुष्कळ कुटुंबांना माहीतच नसते. पत्ता बदलला, नोटीस जुन्या घरी गेली, आणि न्यायाधीशाने गैरहजेरीत आदेश दिला. कोणत्याही कागदावर ‘ए’ अक्षरानंतर आठ-नऊ आकडी क्रमांक दिसला तर ईओआयआरच्या स्वयंचलित माहिती सेवेत तो टाकून सुनावणीची तारीख किंवा आदेश आहे का ते पाहता येते. आदेश निघाला असेल तर कोणत्याही सरकारी कार्यालयात स्वतःहून जाऊ नये. आधी वकील गाठावा. सरकारकडची स्वतःची फाइल माहितीच्या अधिकाराच्या अमेरिकन कायद्याखाली मागवता येते आणि वकील बहुधा प्रथम तेच करतो. तारीख असेल तर मात्र वकील मिळाला नाही म्हणून गैरहजर राहू नये. हजर राहून वकील शोधण्यासाठी मुदत मागावी. कोर्टात दुभाषा सरकार देते, आणि मराठी मागता येते.

आधीच्या वकिलाने तारीख चुकवली किंवा चुकीचा अर्ज भरला असेल, तर त्या कारणावर प्रकरण पुन्हा उघडण्याची सोय १९८८ च्या लोझाडा प्रकरणापासून आहे. त्यासाठी काय ठरले होते याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, त्या वकिलाला कळवून उत्तराची संधी द्यावी लागते, आणि बारकडे तक्रार केली की नाही व नसल्यास का, हे सांगावे लागते. हे काम नव्या वकिलाकडूनच करून घ्यावे. नोटरी किंवा कन्सल्टंटने फसवले असेल तर राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या कार्यालयात आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार करता येते. तक्रार करण्यापूर्वी आपल्या प्रकरणावर त्याचा काय परिणाम होईल हे नव्या वकिलाला विचारावे, आणि त्या माणसाकडे अडकलेले मूळ पासपोर्ट व दाखले परत मिळवण्याचे पत्र या नव्या वकिलाकडूनच पाठवावे.